वर्गणीच्या वाहिन्यांची पाठशाळा

मासिक चालविणें आणि दूरचित्रवाणीची नवी वाहिनी उभारणें हे दोन उद्योग वरवर भिन्न दिसले तरी त्यांचें मर्म एकच आहे. लोकांना काय आवडेल हें ओळखणें ही एक गोष्ट. त्या आवडीसाठीं ते दरमहा खिशांत हात घालतील किंवा नाहीं, हें ओळखणें ही अगदीं निराळी गोष्ट. मासिकाचा संपादक परत आलेल्या व्ही. पीं.च्या गठ्ठ्यावरून हा धडा शिकतो. अमेरिकेंत वर्गणीवर चालणाऱ्या वाहिन्यांची योजना ज्यांनीं प्रथम मांडली, त्यांनाहि तो असाच पदरमोड करून शिकावा लागला. ही विद्या शिकविणारी शाळा त्या काळीं कोठेंच नव्हती.

आरंभींचा एक गाजलेला प्रयोग शिकागो शहरांत झाला. १ जानेवारी १९५१ पासून ९० दिवस झेनिथ कंपनीनें ३०० कुटुंबांना घरबसल्या चित्रपट दाखविले. दर चित्रपटास एक डॉलर आकार होता, व मागणी टेलिफोनवरून नोंदवावी लागे. १९५७ सालीं ओक्लाहोमा राज्यांतील बार्टल्सव्हिल गांवीं साडेनऊ डॉलर मासिक वर्गणीवर तारेनें चित्रपट पुरविण्यांत आले. तो उद्योग पुढच्याच वर्षीं बंद पडला. कॅलिफोर्नियांत १९६४ सालीं एन्. बी. सी. कंपनीचे माजी अध्यक्ष पॅट वीव्हर यांनीं मोठ्या भांडवलानिशीं हाच मार्ग धरला. तेव्हां चित्रपटगृहांच्या मालकांनीं विरोधाची मोहीम उघडली, प्रश्न सार्वमतास गेला, आणि नोव्हेंबरांत मतदारांनीं अशा दूरचित्रवाणीस बंदी केली. न्यायालयांनीं ती बंदी पुढें घटनाबाह्य ठरविली खरी; पण तोंपर्यंत वीव्हर यांचा उद्योग बसला होता. फुकट मिळणाऱ्या वस्तूचे पैसे कां द्यावे, या एका प्रश्नाचें समाधानकारक उत्तर योजनेंत नसेल, तर भांडवल आणि अनुभव दोन्ही निष्फळ ठरतात, हें यावरून दिसून आलें.

तें उत्तर शोधण्याचा पुढील मोठा यत्न चार्ल्स डोलन यांचा. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागांत जमिनीखालून केबल टाकण्याचा त्यांचा व्यवसाय तोट्यांत होता. १९७१ च्या उन्हाळ्यांत कुटुंबासह फ्रान्सला जातांना त्यांनीं बोटीवरच एका नव्या वाहिनीचें टिपण लिहून काढलें. जाहिराती नाहींत, अखंड चित्रपट व खेळांचे सामने दाखवावयाचे, आणि त्याबद्दल वेगळी मासिक वर्गणी घ्यावयाची, अशी ती योजना होती. टाइम कंपनीनें तिला पाठबळ दिलें. टपालानें केलेल्या पहिल्या पाहणींत बहुतेक घरांनीं अनिच्छाच दर्शविली. ॲलनटाउन गांवीं आरंभ करावा म्हटलें, तर तेथें बास्केटबॉलच्या सामन्यांच्या हक्कांची आडकाठी आली. अखेर ८ नोव्हेंबर १९७२ रोजीं पेन्सिल्वेनियांतील विल्क्स-बॅरे येथें अवघ्या ३६५ वर्गणीदारांवर 'होम बॉक्स ऑफिस' सुरू झालें. वर्गणीदार मिळूं लागले, तसे गळूंहि लागले. तेच चित्रपट पुन्हां पुन्हां पाहून कंटाळलेला गृहस्थ तक्रार करीत नाहीं, भांडत नाहीं. तो पुढच्या महिन्यापासून वर्गणी बंद करतो.

डोलन यांच्यामागून सूत्रें हातीं घेणारे जेराल्ड लेव्हिन हे मूळचे वकील. उपग्रहाद्वारें प्रक्षेपण करण्यासाठीं सुमारें ७५ लक्ष डॉलर खर्चण्यास त्यांनीं टाइम कंपनीच्या संचालकांस राजी केलें. ३० सप्टेंबर १९७५ रोजीं मनिला येथील महंमद अली व जो फ्रेझर यांची मुष्टियुद्धाची लढत फ्लॉरिडा व मिसिसिपी राज्यांतील वर्गणीदारांनीं घरांत बसून पाहिली. लेव्हिन यांना तीन श्रोत्यांचें मन वळवावें लागलें. भांडवलदार नफा विचारतो, केबलचालक आपल्या तारेचें भाडें विचारतो, आणि घरचा माणूस विचारतो, "यांत माझ्यासाठीं नवें काय?"

यांपैकीं मधल्या श्रोत्याचें महत्त्व पुढच्या मंडळींनीं अचूक हेरलें. अमेरिकन लोकसभेचें कामकाज दाखविण्याची योजना ब्रायन लॅम्ब यांनीं केबलचालकांपुढें मांडली, तेव्हां रॉबर्ट रोझेनक्रान्झ यांनीं २५,००० डॉलरांचा चेक दिला आणि इतरांनाहि गळ घातली. १९ मार्च १९७९ रोजीं 'सी-स्पॅन' सुरू झाली. जॉन हेन्ड्रिक्स यांची 'डिस्कव्हरी' १७ जून १९८५ रोजीं निघाली, ती थोड्याच महिन्यांत पैशांअभावीं बुडूं लागली. तिला तारलें तेंहि केबलचालकांनींच, तिचे भागीदार होऊन.

याउलट नामांकित घराण्यांनींहि ठेंच खाल्ली. सी. बी. एस्. ची कलाविषयक वाहिनी ऑक्टोबर १९८१ मध्यें निघाली व डिसेंबर १९८२ मध्यें मिटली. ब्रिटिश कार्यक्रमांवर भिस्त ठेवून वर्गणी मागणारी 'एंटरटेनमेंट चॅनेल' १९८२ च्या जूनमध्यें निघाली आणि वर्षभरहि टिकली नाहीं. कार्यक्रम वाईट नव्हते. त्यांसाठीं पैसे मोजणारीं घरें पुरेशीं नव्हतीं.

अशा यशापयशांतून शिक्षणाची सोय हळूहळू उभी राहिली. १९७९ सालीं या धंद्यांतील स्त्रियांनीं आपली संघटना स्थापिली, आणि १९९४ सालीं तिनें बेट्सी मॅग्नेस यांच्या नांवें नेतृत्वाचें प्रशिक्षण देणारी संस्था काढली. १९८५ सालीं पेन्सिल्वेनिया स्टेट विद्यापीठांत केबलव्यवसायाचें संग्रहालय सुरू झालें. तें पुढें डेन्व्हर विद्यापीठाच्या आवारांत गेलें. जुन्या जाणत्यांच्या मुखींच्या आठवणी तेथें नोंदवून ठेविल्या आहेत. नवशिक्याला याहून चांगला क्रमिक ग्रंथ मिळणें कठीण, कारण त्यांत फसलेले बेतहि आहेत.

आज इंटरनेटमुळें घराघरांतून केबलची तार निघूं लागली आहे, आणि एक कळ दाबून वर्गणी थांबवितां येते. तरीहि योजना मांडणाऱ्या तरुणाला शिकविण्याचा पहिला पाठ बदललेला नाहीं. भांडवलदाराच्या दालनांत मिळालेला होकार एकदांच मिळवावा लागतो. घरच्या माणसाचा होकार दर महिन्याला नव्यानें मिळवावा लागतो.