हिसक्याचा नाद

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठ्या नाचू लागल्या की गुलालाच्या धुराळ्यातून हलगी, घुमकं आणि कैताळ ऐकू येतात. चामड्यावर प्रहार होतो, कैताळ एकमेकांवर आदळतात. काठी नाचवणारा वेगळा आणि वाजवणारा वेगळा. जोतिबाच्या पायथ्याच्या गावांतून त्याच हलगीवर लेझमीचा डाव रंगतो, तेव्हा मात्र हा भेद पुसला जातो. तिथे जो नाचतो तोच वाजवतो.

लेझीम हे मुळात वाद्यच नव्हे. फारसीतील ‘लेजम’ म्हणजे तिरंदाजाने दंड कमावण्यासाठी ओढायचे ताठ धनुष्य, दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले. इराणच्या जोरखान्यांत याचाच भाऊबंद ‘कब्बादे’ आजही डोक्यावर धरून डावी-उजवीकडे ओढतात आणि त्याच्या चकत्या खणखणतात. आपल्याकडे तिरंदाजी गेली, तालीम राहिली. जोतिबा ज्यांचे कुलदैवत त्या शिंद्यांपैकी राणोजींनी १७३० मध्ये केदारनाथाचे आजचे देऊळ बांधले, तोवर बंदुका आणि तोफा रुळल्या होत्या. व्यायामाचा आवाज हा आधी केवळ उपपदार्थ होता. कधीतरी तोच हवासा झाला. बाकदार बांबूची जड घोरकाठी मागे पडून आखूड दांड्याची हलकी लेझीम आली, शाळांच्या मैदानांवर पोचली आणि १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनात जगाने पाहिली.

हलवून वाजणाऱ्या वाद्यांचे कुळ फार जुने आहे. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर पोटात खडे असलेले मातीचे खुळखुळे सापडले आहेत. सातपुड्यात होळीला नाचणारे कमरेला वाळके भोपळे आणि घुंगरांचे पट्टे बांधतात. तरी शास्त्राने या कुळाला वेगळे घर उशिरा दिले. भरताच्या तत, सुषिर, अवनद्ध आणि घन या चार वर्गांत ही सारी घनातच सामावतात, आणि भरताच्या घनात मान टाळाचा. होर्नबोस्टेल आणि सॅक्स यांनी १९१४ मध्ये वाद्यांची वर्गवारी केली तेव्हा ‘हलवून वाजणारी’ हा स्वतंत्र गट झाला.

मराठी भाषेचा कल मला याहून बोलका वाटतो. हलगी आपण वाजवतो, पण लेझीम खेळतो आणि चाळ बांधतो. क्रियापदातच वादन नाही, मग वादक कुठून येणार? लेझीमवाल्याचे यात फारसे बिघडले नाही. त्याला खेळाडूचा मान मिळाला. बिघडले ते तमाशातल्या बाईचे. ढोलकीशी तिच्या चाळांची जुगलबंदी होते, एका पायाचे घुंगरू दाबून दुसऱ्याचे मोजकेच बोलवण्याची करामत ती करते; पण ‘ढोलकीपटू’ हा शब्द आहे, चाळेसाठी तसा शब्द नाही. तिला आपण नाचणारी म्हटले आणि तिचे वाद्य दागिन्यांत जमा केले. तमाशावर एवढे लिहिले गेले, त्यात फडांची आणि शाहिरांची नावे आहेत, ढोलकीवाल्यांची आहेत. चाळ वाजवणारी म्हणून बाईचे नाव शोधावे लागते.

या वाद्यांची खोड वाजवणाऱ्यालाच ठाऊक असते. हात थांबला तरी चकत्या लगेच थांबत नाहीत. हिसक्यामागून नादाचे शेपूट येते. शेकडो लेझमी एकत्र आल्या की ही शेपटे एकमेकांत मिसळून पावसासारखा आवाज होतो आणि ठोका हरवू लागतो. म्हणून लेझमीच्या घोळक्यात हलगीवाला मधोमध उभा असतो.