चिंतामणराव, दुर्गाबाई आणि आपल्याकडची 'यादी'

मंडळी, लग्नसराई तोंडावर आली की पेणपासून रोह्यापर्यंत घरोघरी याद्यांच्या बैठका बसतात. हॉल कुणी घ्यायचा, हळदीचं जेवण कुणाकडे, मानपानाच्या साड्या किती, सोनं कुणी किती घालायचं. अशा बऱ्याच बैठकांना मी बसलोय. एका दिवसाच्या खर्चाचा पै-पैचा हिशेब होतो. पुढच्या चाळीस वर्षांच्या हिशेबाबद्दल मात्र ज्यांचं लग्न आहे ती दोघं एक शब्द बोलत नाहीत. पैशाचं विचारणं बरं दिसत नाही म्हणे!

म्हणून आज आपल्याच जिल्ह्याशी नातं असलेल्या एका लग्नाची गोष्ट सांगतो.

चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६, महाडजवळच्या नाते गावचा. बालपण रोह्यात गेलं. १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या निवडणुकीत आपल्या कुलाब्यातूनच लोकसभेवर गेले. त्यांची पहिली पत्नी रोझिना इंग्लंडची. ती १९४९ मध्ये वारली.

दुर्गाबाई आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या. आठव्या वर्षी घरच्यांनी लग्न लावून दिलं. त्या वयात तिला कोण काय विचारणार? मोठी झाल्यावर तिने ते लग्न नाकारलं, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेली, शिकून वकील झाली, संविधान सभेत बसली. पुढे नियोजन मंडळाची सदस्य झाली.

२२ जानेवारी १९५३ ला या दोघांनी लग्न केलं. ते सत्तावन्न वर्षांचे, त्या त्रेचाळीस. साक्षीदारांत पंतप्रधान नेहरू. आणि या दोघांनी पैशाचं आपसात ठरवून टाकलं होतं: दोघांपैकी एकाने कमवायचं, दुसऱ्याने समाजाचं काम बिनपगारी करायचं.

बघा, किती साधा करार आहे. पण त्यात सगळं आलं. घर किती पैशात चालवायचं, कुणाच्या कामाला किती मान, पगार न आणणाऱ्या माणसाची किंमत घरात कमी धरायची की नाही. देशाचं बजेट मांडणाऱ्या माणसाला घरचं बजेट बायकोशी बोलायची लाज वाटली नाही. पुढे १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. माझं मत असं की घराच्या गरजा आधीच ठरलेल्या असल्या की खुर्ची सोडायला माणूस कचरत नाही.

आता आपल्याकडे या. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि लाखाहून जास्त ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यात पोरींच्या लग्नासाठी ठेवलेल्या ठेवी होत्या, म्हातारपणाची पुंजी होती. घरातला पैसा कुठे आहे, किती आहे, कुणाच्या नावावर आहे, हे एकट्या कर्त्या माणसालाच माहीत असलं की अशा वेळी सगळं घर अंधारात चाचपडतं.

आपल्या भागातल्या कमाईची तऱ्हाही वेगळी. पेण, हमरापूर, जोह्याचे गणपतीचे कारखाने वर्षभर राबतात, कर्ज काढून माल भरतात आणि पैसा हातात येतो तो सणाच्या आसपास. ज्या मुलीला दर महिन्याच्या पगाराची सवय आहे, तिला हे आधी कळायला नको? धाटावच्या एमआयडीसीत मुलगा कायम आहे की ठेकेदाराकडे, हे बायोडाटात लिहिलेलं असेलच असं नाही. आणि मुलीचा पगार लग्नानंतर माहेरच्या आई-बापाला थोडा जाणार असेल, तर तेही आधीच मोकळेपणी सांगितलेलं बरं.

काही जण म्हणतील, पैसा विचारला म्हणजे हुंडाच मागितला. अजिबात नाही. हुंडा मागणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. हुंड्यात 'मला काय देणार' असतं. मी म्हणतो त्या बोलण्यात 'आपण कसं चालवणार' असतं. पहिलं थोरल्यांच्या बैठकीत कुजबुजत होतं, दुसरं दोघांनी समोरासमोर बसून करायचं असतं.

तेव्हा पोरांनो, पोरींनो, साखरपुड्याआधी एकदा चहाला बसा. अंगावर कर्ज किती? जामीन कुणाला राहिलाय? हातात पैसे कधी येतात? घर कुणाच्या नावावर? एकाची नोकरी गेली तर काय करायचं? आणि आई-बापांनो, ती दोघं हे बोलत असतील तर मध्ये पडू नका.

रोह्यातल्या कॉलेजला चिंतामणरावांचं नाव आहे, रोज शेकडो पोरं त्या पाटीखालून जातात. नाव घेतलंय तर त्यांचा हा एक गुणही घेऊया. तुमच्याकडच्या यादीत यातलं काही बोललं जातं का? कमेंटमध्ये जरूर लिहा.