‘दीनबंधु’चे स्वातंत्र्य आणि त्याची मर्यादा

मराठी वृत्तपत्रे बहुतांशी उच्चवर्णीयांच्या हाती असताना कृष्णराव भालेकर यांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक काढले. द्रव्याभावी ते थांबल्यावर १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून पुन्हा चालविले. लोखंडे यांच्याच नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी १८८४ साली साप्ताहिक सुटी मागितली. १८९० साली ती मिळाली. तथापि जोतीराव फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे छापल्यावर पुढील प्रकरणे या पत्राने छापली नाहीत, आणि जोतीरावांनी त्यावर भित्रेपणाचा ठपका ठेवला. प्रस्थापित वर्गापासून स्वतंत्र झालेले पत्र सत्तेच्या धाकापासूनही स्वतंत्र होतेच असे नाही, हा या प्रसंगाचा अर्थ होय.