लगदा, कामटी आणि लंका: काशीच्या कागदी शिल्पांकडे जाताना

आमच्या घरी रद्दीचे दोन वाटे होत. एक रद्दीवाल्याकडे जाई, दुसरा आजीच्या बादलीत. भिजलेल्या वर्तमानपत्रांत ती भिजवलेल्या मेथ्या घालून कुटायची आणि तो लगदा पालथ्या पातेल्यावर थापून त्याची टोपली करायची. मेथीच्या चिकटपणाने लगदा एकजीव होतो आणि तिच्या कडूपणाने कीड लांब राहते, हे मी तिच्याकडून शिकलो. कागदाचे शिल्प म्हटले की काचेच्या दालनातले काहीतरी नाजूक ज्यांच्या डोळ्यांपुढे येते, त्यांनी आधी ती टोपली आठवावी. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हा विषय आधीच येऊन बसलेला आहे.

या पुस्तकाचा विषय मात्र काशी आहे, आणि त्यातही गंगेच्या पूर्व तीरावरचे रामनगर. आपल्याकडे अनंत चतुर्दशीला गणपती पाण्यात जातात, त्याच दिवशी तिथली रामलीला सुरू होते आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत, सुमारे 31 दिवस चालते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीनरेशांच्या आश्रयाने ती आजच्या रूपाला आली. ना ध्वनिक्षेपक, ना विजेचे दिवे. प्रकाश मशालींचा आणि पेट्रोमॅक्सचा. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका ही स्थळे गावभर पसरलेली असतात आणि प्रेक्षक कथेबरोबर चालत जातात. नाशिकच्या पंचवटीत वाढलेल्या माणसाला रामनगरची पंचवटी पाहताना काय वाटते, हे एकदा अनुभवायलाच हवे.

या चालत्या कथेत बांबू आणि कागदाची अजस्र शिल्पे उभी राहतात: जटायू, कुंभकर्ण, रावण. रिचर्ड शेखनर आणि लिंडा हेस यांनी 1970च्या दशकात या रामलीलेचा बारकाईने अभ्यास केला. अनुराधा कपूर यांचे तिच्यावरचे पुस्तक 1990मध्ये आले. युनेस्कोने 2008मध्ये रामलीलेची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. या साऱ्यांमुळे हा विषय जगापुढे आला, याबद्दल कृतज्ञता आहे. पण या अभ्यासांचा ओढा नाट्याकडे, राजाकडे, चालणाऱ्या गर्दीकडे होता. रावण ज्या आवारात घडतो, तिथे दीर्घकाळ बसून राहणारे थोडे. माझे म्हणणे एवढेच, की या क्षेत्राचे दार त्या आवारात आहे. वस्तूपासून सुरुवात करायची तर वस्तू उरतच नाही. दसऱ्याच्या रात्री ती जळते. मागे राहते ती करणाऱ्यांच्या हातातली रीत.

ती रीत समजायला थोडे कागदाचे शास्त्र लागते. यंत्रावर तयार झालेल्या कागदात तंतू बहुतांशी एका दिशेने झोपलेले असतात. त्या दिशेने कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. ओला झाला की तो तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो आणि वाळताना आक्रसतो. कामट्यांच्या सांगाड्यावर खळ लावून चिकटवलेला कागद वाळला की ताणून मढवलेल्या पखवाजासारखा घट्ट बसतो, तो यामुळेच. सांगाडा पोकळ म्हणून एवढा मोठा देह माणसांना उचलता येतो. बांबू लवचिक म्हणून वारा सोसतो. पण काम भादव्यात चालते. हवा दमट, खळ वाळत नाही आणि घाई केली तर कागदाला बुरशी धरते. असा एक सांगाडा मी स्वतः घरी करून पाहिला आणि चौथ्या दिवशी काळ्या ठिपक्यांनी भरलेला फेकून दिला. त्यानंतर कारागिरांना विचारायचे माझे प्रश्न बदलले.

हे कारागीर अनेकदा मुस्लिम असतात. रामनगरच्या पुतळ्यांचे काम मुस्लिम हातांनी होत आले आहे. मोहरमचे ताजियेही बांबू आणि कागदाचेच. दहाव्या दिवशी ते थंड केले जातात. मराठीत ‘ताबूत थंडे होणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो, त्यामागे कागदाची एक पूर्ण वास्तुकला आहे हे विसरून. दोन्ही परंपरांत शिल्प घडते ते निरोप देण्यासाठी. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातले, म्हणजे तिथल्या मुखवटा-नाचाच्या उत्सवातले, कागदी लगद्याचे मुखवटे याहून वेगळे: ते जपले जातात, रंग उडाला की पुन्हा रंगवले जातात आणि पुन्हा नाचतात. टिकवण्याचे आणि सोडून देण्याचे हे दोन मार्ग शेजारी ठेवून अभ्यासणे मला फार मोलाचे वाटते, आणि ते काम मराठी अभ्यासकाने करावे अशी मनापासून इच्छा आहे.

रामनगरच्या पलीकडच्या तीरावर, काशी हिंदू विश्वविद्यालयात, भारत कला भवन आहे. राय कृष्णदास यांनी 1920मध्ये स्थापलेले हे संग्रहालय 1950मध्ये विद्यापीठाकडे आले. तिथली लघुचित्रे वसलीवर आहेत, म्हणजे थरावर थर चिकटवून, घोटून गुळगुळीत केलेल्या कागदावर. खळ आणि थर हेच तंत्र, पण हा कागद शतके टिकवलेला. आधुनिक शिल्पकार सोमनाथ होर यांनी शांतिनिकेतनात कागदाचा लगदा साच्यात दाबून ‘जखमा’ ही पांढऱ्यावर पांढरी मालिका केली, तेव्हा हाच पदार्थ देहाच्या कातडीसारखा बोलू लागला. नव्या विद्यार्थ्याने सकाळी कला भवनात वसली पाहावी आणि दुपारी पूल ओलांडून रामनगरला जावे.

जायचे तर दसऱ्याला नको, त्या दिवशी कोणाला बोलायला सवड नसते. आधी जावे, बांबू चिरायला घेतात तेव्हा. वही असावी, मोजपट्टी असावी, छत्री तर हवीच. पहिला प्रश्न रावणाच्या उंचीचा विचारू नये. खळ कशी शिजवता, ते विचारावे.