परसातले आंब्याचे कलम: लागवड आणि पहिली काही वर्षे

हापूस किंवा केसर आंब्याची कोय परसात सहज रुजते, पण तिच्या झाडाला तसेच फळ येईल याचा भरवसा नसतो. म्हणून कलम लावतात. कलम म्हणजे एका बुंध्यावर दोन झाडे: खाली रायवळ आंब्याच्या कोयीतून उगवलेला खुंट आणि वर हव्या त्या जातीची काडी. दोन्ही जिथे सांधले जातात तो जोड. सुरुवातीच्या वर्षांत सर्वाधिक जपायचे ते यालाच.

रोपवाटिकेत बहुतेकांची नजर सर्वांत उंच किंवा मोहर आलेल्या कलमाकडे जाते. त्यापेक्षा मध्यम उंचीचे, जोड पक्का भरलेला आणि पिशवीत मुळे गुंडाळली न गेलेली असे कलम बरे. जागा बेताची असेल तर जातीचाही विचार करावा. हापूस पुढे ऐसपैस वाढतो. बागेत त्याला परंपरेने 10 मीटर अंतर देतात. दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून आलेली आम्रपाली ठेंगणी राहते, त्यामुळे ती बंगल्याच्या आवारातही मावते.

खड्डा मे महिन्यात खणून ठेवावा. लांबी, रुंदी आणि खोली प्रत्येकी एक मीटर असेल तर उत्तम. तो काही दिवस उन्हात तापू द्यावा आणि मग वरच्या थरातली माती, तीन-चार घमेली कुजलेले शेणखत व किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट यांच्या मिश्रणाने भरावा. भर जमिनीपेक्षा थोडी उंच ठेवावी, कारण पावसात माती खाली बसते. काळ्या जमिनीत पाणी साचत असेल तर उंचवटा करून त्यावरच लागवड करावी. आंब्याला पाणी चालते, पण मुळाशी तुंबलेले नाही.

चांगला पाऊस झाला की ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी कलम लावावे. पिशवी ब्लेडने कापून काढावी, मातीची हुंडी फुटू देऊ नये. जोड जमिनीच्या वर किमान वीतभर राहिला पाहिजे. तो मातीत गेला तर ओलीने कुजू शकतो. शेजारी काठी रोवून सुंभाने सैल बांधावे, म्हणजे वाऱ्याने जोड हलत नाही. जोडावर प्लॅस्टिकची पट्टी राहिली असेल तर ती कापून टाकावी. खोड जाड होऊ लागले की ती काचते.

पुढे खरी फसगत होते ती खुंटाच्या फुटव्यांमुळे. जोडाच्या खालून हिरवेगार, जोमदार कोंब येतात आणि झाडाने जोर धरला म्हणून घरचे खूश होतात. प्रत्यक्षात तो रायवळचा जोर असतो. खुंटाला मुळांचे बळ थेट मिळते, वरची काडी मागे पडते, कधी वाळूनही जाते. झाड मात्र वाढतच राहते आणि काही वर्षांनी त्यावर आंबे धरले की कळते, हे भलतेच झाड आहे! आठवड्यातून एकदा जोडाखाली नजर टाकावी आणि कोवळे कोंब तिथल्या तिथे खुडावेत. एवढे एक काम निदान पहिली दोन वर्षे चुकवू नये.

पाऊस संपला की साधारण आठवड्याला एकदा, उन्हाळ्यात दोनदा पाणी द्यावे. काळ्या मातीत कमी, मुरमाड किंवा जांभ्या जमिनीत जास्त. बुंध्याशी मातीची भर घालून आळे त्याच्या बाहेर करावे आणि दरवर्षी रुंदावत न्यावे. आळ्यात पालापाचोळा पसरावा, पण तो खोडाला टेकवू नये आणि वाळवीवर लक्ष ठेवावे. पहिल्या उन्हाळ्यात दक्षिण-पश्चिमेकडून झावळ्यांचा आडोसा द्यावा.

कलमाला दुसऱ्याच वर्षी मोहर येऊ शकतो, कारण काडी मोठ्या, फळत्या झाडाची असते. तो खुडताना जीव हळहळतो खरा. पण पहिली तीन वर्षे मोहर काढून टाकला तर झाडाची शक्ती मुळांना आणि फांद्यांना मिळते. चौथ्या वर्षी झाडाचा घेर पाहून मोजकी फळे ठेवायला हरकत नाही.