नसलेला आवाज ऐकू का येतो? मेंदूचं गणित काय सांगतं

मधुमेह आहे की नाही, हे रक्त तपासून कळतं. स्किझोफ्रेनियासाठी अशी तपासणी नाही. रुग्ण आणि घरची माणसं काय सांगतात, डॉक्टरांना काय दिसतं, यावरच निदान ठरतं. इथे गणिताची मदत घेऊ पाहणारी शाखा म्हणजे 'कॉम्प्युटेशनल सायकियाट्री'. मेंदू निष्कर्षाला कसा पोहोचतो याची समीकरणं मांडायची, कॉम्प्युटरवर चालवायची आणि आजारात नेमकं काय बदलतं ते शोधायचं.

मिक्सर सुरू असताना फोन वाजल्याचा भास कोणाला झालेला नाही? कानावर अस्पष्ट काहीतरी पडतं, बाकीचं मेंदू अपेक्षेने भरून काढतो. कानाला किती वजन द्यायचं आणि अपेक्षेला किती, हा हिशोब नकळत चालू असतो.

हा हिशोब मोजणारा एक प्रयोग अल्बर्ट पॉवर्स, क्रिस्टोफ मॅथिस आणि फिलिप कॉर्लेट यांनी २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. पडद्यावर चौकटींची नक्षी दाखवायची, सोबत एक सूर वाजवायचा. असं पुन्हा पुन्हा. मग मधूनच सूर गाळायचा आणि विचारायचं, ऐकू आला का? 'आला' असं निरोगी माणसंही कधीकधी सांगत होती. पण ज्यांना एरवीही आवाज ऐकू येतात, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे पाचपट होतं. त्यांच्या उत्तरांना समीकरण लावल्यावर दिसलं की अपेक्षेचं पारडं कानापेक्षा जड झालेलं आहे.

खरी गंमत पुढे आहे. आवाज ऐकू येणाऱ्यांत काहींना मनोविकार नव्हता. अतींद्रिय शक्तीमुळे आपल्याला आवाज ऐकू येतात, असं ते मानत. रोजचं आयुष्य सुरळीत. मग रुग्णांमध्ये वेगळं काय? तर परिस्थिती बदलली, नक्षी आणि सुराची जोडी तुटली, तरी त्यांचा अंदाज सहज बदलत नव्हता. म्हणजे आवाज ऐकू येणं ही एक गोष्ट, अंदाज न सुधारणं ही दुसरी. नुसतं लक्षण विचारून हा फरक हाती लागला नसता.

तरीही या आकड्यांवरून आज कोणाचं निदान होत नाही. हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत, एकट्या रुग्णाबद्दल ते खात्रीने बोलत नाहीत. शिवाय अशा अनेक चाचण्यांत एक जुनी अडचण आहे: तोच माणूस काही दिवसांनी पुन्हा बसला, तर आकडा वेगळा येऊ शकतो.