साडेतेरा द्रोण आणि तीस फेब्रुवारी

आपल्या गोदाकाठच्या पावसाचा माझ्या माहितीतला सर्वांत जुना आकडा साडेतेरा द्रोण असा आहे. तो कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतो. सरकारी कोठारासमोर हातभर तोंडाचे भांडे ठेवून पाऊस मोजावा, असे कौटिल्य सांगतो आणि पुढे प्रदेशवार मापे देतो. जांगल म्हणजे रुक्ष मुलखात सोळा द्रोण, अश्मकात साडेतेरा, अवंतीत तेवीस आणि अपरांतात, म्हणजे कोकणच्या अंगाला, अमाप. हा अश्मक गोदावरीकाठचा. त्याची राजधानी आजच्या तेलंगणातील बोधन येथे असावी, असे अभ्यासक मानतात. म्हणजे आपला नांदेड-परभणीचा पट्टा त्याच्या लगतचाच.

कौटिल्य एवढ्यावर थांबत नाही. पावसाळ्याच्या पहिल्या आणि शेवटच्या महिन्यात मिळून एक तृतीयांश आणि मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पाऊस झाला, तर तो चांगला पाऊस, असे तो म्हणतो. किती पडला याबरोबर कधी पडला हेही त्याला हवे आहे. हे लिहिले आहे ते शेतीच्या अधिकाऱ्यासाठी, त्यामुळे प्रश्न सरळ पेरणीशी भिडतो.

आज परभणी जिल्ह्याचे २०५० साली, २१०० साली हवामान कसे असेल याचे आकडे तयार मिळतात. ते जगभरच्या संगणकांवरील हवामान मॉडेलांमधून येतात. त्यांच्या आधारे योजना आखल्या जातात, पैसा खर्च होतो. हे आकडे आले कुठून आणि ते वाचायचे कसे, याचा इतिहास मी थोडक्यात सांगणार आहे.

आपल्या देशात पावसाचा अंदाज सरकारी काम झाले ते दुष्काळामुळे. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी दख्खनवर १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ कोसळला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. हिवाळ्यात हिमालयावर बर्फ जास्त साचले की पुढचा मोसमी पाऊस मंदावतो, असा त्यांचा तर्क होता. त्यावर आधारलेला पहिला हंगामी अंदाज ४ जून १८८६ रोजी प्रसिद्ध झाला. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. गावात पावसाचे भाकीत सांगायचे ते जोशीबुवा, पंचांगातून. मृगाचे वाहन कोल्हा की बेडूक, यावर ओट्यावर चर्चा चालायची.

१८९९ साली पाऊस दगा देऊन गेला. विक्रम संवत १९५६ चा तो छप्पन्या दुष्काळ. त्याची चाहूल ना पंचांगाला लागली, ना सरकारी अंदाजाला. १९०४ साली केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे, तापमानाचे, पावसाचे आकडे मागवले आणि खात्यातल्या भारतीय कारकुनांच्या मदतीने हाताने त्यांचे संबंध ताडून पाहिले. एकीकडे प्रशांत महासागर आणि दुसरीकडे हिंदी महासागर यांच्यावरचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो, हे त्यांना त्यातूनच दिसले. आज आपण ज्याला 'एल निनो' म्हणतो, त्याच्याशी हा झोका जोडलेला आहे. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात.

वॉकर यांची पद्धत आकड्याला आकडा जुळवण्याची होती. दोन गोष्टी बरोबरीने घडतात एवढे ती सांगे, का घडतात ते सांगत नसे. शिवाय अशी नाती काही दशकांनी सैल पडतात. दुसरा रस्ता होता पदार्थविज्ञानाचा. हवा ही तापणारी, दाबली जाणारी, वाहणारी वस्तू आहे. तिला नियम आहेत. मग नियमांवरूनच उद्याची हवा का काढू नये?

ब्रिटिश गणिती लुईस फ्राय रिचर्डसन यांनी हे करून पाहिले. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होते आणि फावल्या वेळात गणित करत होते. वाऱ्याच्या तीन दिशा, दाब, तापमान, घनता आणि आर्द्रता अशा सात राशी त्यांनी धरल्या. या बदलत्या राशींना गणितात 'चल' म्हणतात. सहा तासांत दाब किती बदलेल हे काढायला त्यांना आठवडेच्या आठवडे लागले आणि उत्तर आले १४५ मिलिबार. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास स्थिर होता. १९२२ साली त्यांनी हे फसलेले गणित पुस्तकात जसेच्या तसे छापले. साऱ्या जगाचे हवामान वेळेत काढायचे तर एका प्रचंड सभागृहात ६४,००० माणसे आकडेमोडीला बसवावी लागतील, असे कल्पनाचित्रही त्यात रंगवले.

ती माणसे पुढे आली, पण संगणकाच्या रूपाने. १९५६ साली नॉर्मन फिलिप्स यांनी वातावरणाच्या अभिसरणाचे पहिले चालते मॉडेल प्रसिद्ध केले. १९६७ साली अमेरिकेत काम करणारे जपानी शास्त्रज्ञ स्युकुरो मानाबे आणि त्यांचे सहकारी रिचर्ड वेदरल्ड यांनी हिशेब मांडला की हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी सुमारे २.३ अंशांनी तापेल. या कामासाठी मानाबे यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. जगातल्या हवामान शास्त्रज्ञांच्या समितीचा २०२१ चा अंदाज होता ३ अंश. अर्ध्या शतकापूर्वीचा तो हिशेब फार दूर नव्हता.

मॉडेल म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पृथ्वीची चौकटीचौकटींनी केलेली मोजणी. जमीन, समुद्र आणि वर हवेचे थर, सगळे चौकोनी तुकड्यांत वाटून टाकायचे. प्रत्येक तुकड्यात तापमान, दाब, वारा, ओलावा यांचा एकेक आकडा. मग काही मिनिटांच्या पावलांनी, शेजारच्या तुकड्यांशी देवाणघेवाण करत, शंभर वर्षे पुढे जायचे. यातला एक तुकडा केवढा? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या मॉडेलात तो बाजूने सुमारे २०० किलोमीटर आहे. म्हणजे ४०,००० चौरस किलोमीटर. आपला सारा मराठवाडा साधारण ६४,००० चौरस किलोमीटरांचा आणि परभणी जिल्हा सहा हजारांपेक्षा थोडा अधिक. जिंतूरच्या डोंगराळ भागातला पाऊस आणि गंगाखेडच्या नदीकाठचा पाऊस त्या तुकड्यात एकच. त्यामुळे पुढे मोठ्या मॉडेलाच्या पोटात लहान चौकटींचे प्रादेशिक मॉडेल बसवण्याची पद्धत आली. पुण्याच्या याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००६ साली अशा ५० किलोमीटरच्या चौकटींतून भारताच्या एकविसाव्या शतकाचे चित्र मांडले.

या आकड्यांचे रूपही गमतीचे असते. तापमान केल्विनमध्ये येते, त्यातून २७३.१५ वजा केले की आपले सेल्सियस. पाऊस मिलिमीटरमध्ये येतच नाही. दर चौरस मीटरवर दर सेकंदाला किती किलो पाणी पडले, असा तो आकडा असतो. एक चौरस मीटरवर एक किलो पाणी म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. उदाहरणादाखल हंगामाची सरासरी ०.००००७ किलो धरू. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला की रोज सहा मिलिमीटर. जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांचे झाले सुमारे ७३८. आकडा आपल्याकडच्या चांगल्या पावसाळ्यासारखा दिसतो. पण रोज सहा मिलिमीटर असा पाऊस आपल्या रानात कधी कुणी पाहिला आहे? आपल्याकडे पंधरा दिवस धूळ आणि मग दोन दिवसांत ओढे फुटतात. अनेक मॉडेलांची खोड हीच आहे, ती हलका पाऊस फार वेळा पाडतात.

आणखी एक गंमत सांगतो. ब्रिटनच्या हॅडली केंद्राच्या मॉडेलांत सोयीसाठी वर्ष ३६० दिवसांचे धरतात, प्रत्येक महिना तिसांचा. त्यांच्या आकड्यांत ३० फेब्रुवारी ही तारीख खरोखर असते. आपल्या पंचांगातल्या बारा चांद्रमासांच्याही तिथी ३६०च. हसण्यासारखे यात काही नाही. मॉडेलाला अमुक तारखेची हवा सांगायचीच नसते, ते तीस-तीस वर्षांचा स्वभाव सांगते. उद्या पाऊस येईल का, हा अंदाज. जगाने इतका कोळसा आणि तेल जाळले तर पन्नास वर्षांनी पावसाचा स्वभाव कसा असेल, हा जर-तरचा हिशेब. त्याला प्रक्षेपण म्हणतात. 'जर' बदलला की 'तर' बदलतो. म्हणून एकाच परभणीसाठी सौम्य आणि तीव्र अशी वेगवेगळी उत्तरे असतात.

एकट्या मॉडेलावर विसंबू नये म्हणून १९९५ पासून जगभरच्या संस्था एकच प्रश्न आपापल्या मॉडेलांना घालतात आणि उत्तरे शेजारी ठेवून पाहतात. तिच्या सहाव्या फेरीत पुण्याच्या संस्थेचे मॉडेलही होते. भारतातून असा सहभाग पहिलाच. भारतासंबंधीचा केंद्र सरकारचा पहिला सविस्तर अहवाल २०२० साली निघाला. त्यानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. प्रदूषण असेच बेसुमार राहिले तर शतकाअखेर ते १९७६ ते २००५ च्या सरासरीपेक्षा सुमारे ४.४ अंशांनी वाढेल. मोसमी पाऊसही पुढे वाढेल, असेच बहुतेक मॉडेले सांगतात. तापलेली हवा दर अंशामागे सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरून ठेवते, त्याचा हा परिणाम.

पाऊस वाढणार हे ऐकून मराठवाड्यातल्या माणसाला बरे वाटेल. इथेच साडेतेरा द्रोणांच्या पुढची ओळ आठवावी. पुण्याच्याच संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताच्या १९५१ ते २००० च्या दैनंदिन नोंदी तपासल्या. परभणी त्यांनी निवडलेल्या पट्ट्यातच येते. हंगामाच्या एकूण पावसात ठळक बदल नव्हता. पण आत डोकावल्यावर मुसळधार पावसाचे दिवस वाढलेले आणि मध्यम पावसाचे दिवस घटलेले दिसले. वाढ आणि घट एकमेकींना झाकत होत्या. सरासरी शांत दिसत होती आणि तिच्या पोटात पावसाळा बदलत होता.

आपल्या काळ्या रानाला याचा अर्थ कळतो. ही माती ओल धरते, पण एका दिवसात शंभर मिलिमीटर कोसळले तर ते पाणी मातीसकट ओढ्याला जाते आणि सोयाबीन पिवळे पडते. पुढे ऑगस्टात तीन आठवडे उघडीप पडली की त्याच रानाला भेगा जातात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला कृषी खाते दर वर्षी देते, कारण दुबार पेरणीचा खर्च घर बुडवतो. म्हणून मॉडेलाच्या कोठारातून आपण मागायला हवेत ते आकडे वेगळे आहेत: पेरणीजोगा पाऊस कोणत्या आठवड्यात होतो, सलग कोरडे दिवस किती, एका दिवसातला कमाल पाऊस किती, रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याला रात्रीची थंडी किती दिवस मिळते आणि जमिनीतून बाष्प होऊन किती पाणी जाते.

हा प्रश्न निव्वळ अभ्यासाचा नाही. 'टेरी' या संस्थेने २०१४ साली राज्यासाठी हवामान बदलाचा कृती आराखडा केला. २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, त्यातल्या जिल्ह्यांत परभणी आहे. शेततळे किती खोल, बंधाऱ्याचा सांडवा किती रुंद, रुंद सरी-वरंबा कुठे, हे ठरवताना वार्षिक सरासरी धरली तर बंधारा पहिल्या मोठ्या पावसात वाहून जाईल आणि शेततळे नेमक्या उघडिपीत कोरडे पडेल.

एक गोष्ट मात्र संगणक देऊ शकत नाही. मॉडेलाची परीक्षा घ्यायची तर त्याला आधी भूतकाळ सांगायला लावतात आणि तो जुन्या नोंदींशी ताडतात. चूक दिसली तर त्या प्रमाणात पुढचे आकडे दुरुस्त करतात. उत्तरपत्रिका मॉडेलाची, पण तपासायची नमुना उत्तरे आपल्या पर्जन्यमापकातली. १८७१ पासूनची देशाची पावसाची जी प्रमाणित मालिका पुण्यात बी. पार्थसारथी आणि सहकाऱ्यांनी तयार केली, ती ३०६ केंद्रांवर उभी आहे. सपाट मुलखात साधारण जिल्ह्याला एक. सकाळी साडेआठला नरसाळ्याखालची बाटली मोजपात्रात ओतून आकडा लिहिणाऱ्या शिपाई-कारकुनांच्या पिढ्यांनी ती घडवली. परभणीच्या कृषी विद्यापीठाची वेधशाळा आणि कोरडवाहू संशोधन केंद्र हेच काम करत आले आहे. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रे बसली. त्यांच्या भोवती झुडपे वाढू न देणे आणि आकडा न चुकता जपणे हे नातवंडांच्या शेतीसाठी केलेले काम आहे.

तेव्हा आपल्या जिल्ह्याच्या भविष्याचा एखादा आकडा कुणी सभेत किंवा अहवालात ठेवला, तर तीन प्रश्न जरूर विचारा. हा कोणत्या 'जर'चा आकडा आहे? तो किती मॉडेलांचा आणि केवढ्या चौकटीचा आहे? आणि हा वर्षाचा आहे की दिवसांचा? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक मिळेपर्यंत त्या आकड्यावर बंधारा बांधू देऊ नका.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)